तिसऱ्या घंटेआधी: सोलापूरच्या हौशी नटनट्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या की माझा फोन वाजायला लागतो. विचारणारे दरवर्षी नवे असतात, प्रश्न मात्र तेच. मी दिवसा ऑफिसात फायली हलवते आणि संध्याकाळी नाटक करते, त्याला आता बावीस वर्षं झाली. सगळ्यांना वेगवेगळी उत्तरं देऊन दमले, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे. आधी साधे प्रश्न, पुढे अडचणीचे.

१. ताई, विंगेत उभी राहिले की हातपाय थरथरतात, घाम फुटतो, आवाज चिरकतो. ही भीती जाते कधी?

माझी अजून गेलेली नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव, म्हणजे भावनेने शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणा, सांगितलेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. थिजणं, घाम, अंगावर काटा, आवाज फुटणं, थरथर, चेहरा उतरणं, डोळ्यांत पाणी आणि शुद्ध हरपणं. विंगेतल्या नवख्या नटाकडे बघा. शेवटचं सोडलं तर बाकी सगळं न शिकवता हजर असतं! शरीर तेच करतंय, फक्त भूमिकेच्या कामाचं नाही.

दोन गोष्टी उपयोगी पडतात. पहिली श्वासाची. चार अंक मोजत श्वास आत, सात-आठ अंक मोजत बाहेर, असं पाच-सहा वेळा. सोडायचा श्वास लांबला की छातीतली धडधड खाली येते. मग दोन्ही तळहात भिंतीला लावून जोर काढा, थरथरणाऱ्या हातांना काम मिळतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एन्ट्रीला हातात एखादं साधं काम घ्या आणि मन त्यात घाला. एका नाटकात मी पावसातून घरी येते असा प्रवेश होता. तालमीत दिग्दर्शकाने सांगितलं, छत्री दाराबाहेर झटक, मिटव, कोपऱ्यात उभी कर, ती घसरतेय का बघ आणि मग बोल. छत्री घसरतेय का हे खरोखर बघितलं की आपण कशा दिसतोय हा विचार करायला डोक्यात जागाच उरत नाही. भीती ‘लोक मला बघताहेत’ या वाक्यावर जगते. तुम्ही दुसरं काही बघायला लागलात की तिची उपासमार होते.

२. पाठांतर कसं करू? घरी सगळं येतं, तालमीत उडतं.

घरी तुम्ही फक्त आपली वाक्यं पाठ करता म्हणून. संवाद दोघांचा असतो. समोरच्याचं वाक्य, म्हणजे आपला क्यू, पाठ नसेल तर आपलं वाक्य सुटं पडतं. मोबाईलमध्ये इतरांची वाक्यं रेकॉर्ड करा, आपल्या जागा रिकाम्या सोडा आणि चालता चालता भरा. संहिता बघून दहा वेळा वाचण्यापेक्षा ती बंद करून एकदा आठवणं जास्त टिकतं. रात्री झोपण्याआधी एक पान, सकाळी उठल्यावर तेच पान न बघता.

पाठ झालंय की नाही याची माझी परीक्षा सोपी आहे. पोळ्या लाटताना, शेजारी टीव्ही चालू असताना, पूर्ण वेगात म्हणून बघा. अडखळला नाहीत तर पाठ झालं. आणि सूर पाठ करू नका, नुसते शब्द करा. घरीच चाल बसवून आलेला नट समोरच्याने काहीही केलं तरी त्याच चालीत उत्तर देतो.

एक सावधगिरी. नाटकात दोन ठिकाणी सारखाच क्यू असेल तर तिथे लाल खूण करा. का, ते प्रश्न ८ मध्ये वाचा.

३. बोलत नसताना हातांचं काय करायचं?

काहीच नाही. खाली सोडा. पहिल्यांदा ते दोन-दोन किलोचे वाटतात, आठवड्यात वाटेनासे होतात. पदर चाचपणं, केस मागे सारणं, खिशात हात घालणं ही तुमची सवय असते, पात्राची नव्हे. तालमीचा व्हिडिओ काढा आणि आवाज बंद करून बघा. पुढच्या दिवशी हात आपोआप शांत होतात, शरमेने.

४. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज कसा पोचवू? ओरडले की घसा बसतो.

लहानपणी आम्ही साखर पेठेत राहायचो, भिंतीपलीकडे लूम, म्हणजे कापडाचे माग, चालायचे. खटखटाटात वाढलेली माणसं मोठ्याने बोलतात, सोलापुरात आवाजाची टंचाई नाही. पण हा आवाज घशातून काढलेला असतो. प्रयोगात तो दुसऱ्या अंकापर्यंत टिकत नाही आणि मोठा असूनही नीट कळत नाही. श्वास घेताना खांदे वर न जाता बरगड्या बाजूला फुगायला हव्यात. रोज सकाळी दहा मिनिटं ओठ मिटून ‘म्म्म’ गुणगुणा, नाकाभोवती आणि ओठांवर कंप जाणवू दे. मग तोच कंप ठेवून एकेक वाक्य म्हणा.

आवाजाहून मोठी चूक वाक्याच्या शेवटी होते. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि ‘नाही’ त्याच्याही मागून. ‘मी त्याला मारलं नाही’ हे वाक्य सुरुवातीला दणक्यात आणि शेवटी श्वास संपत म्हटलंत, तर पंधराव्या रांगेला ‘मी त्याला मारलं’ एवढंच ऐकू जातं. तुमचं निरपराध पात्र तिथल्या तिथे खुनी ठरतं. वाक्याचा शेवटचा शब्द सांभाळा, अर्धं काम तिथेच होतं.

हुतात्मा स्मृती मंदिरात किंवा फडकुले सभागृहात प्रयोग असेल तर त्या दिवशी लवकर जा. एकाला शेवटच्या रांगेत बसवा आणि त्याच्याशी रंगमंचावरून साध्या गप्पा मारा, जेवलास का, गाडी कुठे लावलीस. तेवढ्या ताकदीत नाटक करायचं. मात्र भरलेल्या सभागृहात माणसं आणि कपडे आवाज शोषतात, तेव्हा थोडी भर टाका.

५. माईक असतो की! मग एवढी मेहनत कशाला?

टांगलेला किंवा पुढे ठेवलेला माईक जे आहे ते मोठं करतो. पुटपुटणंही मोठं करतो. आणि माईक शोधत त्याच्याकडे सरकणारा नट दहाव्या रांगेतूनही कळतो. कॉलरचा माईक असेल तर मंगळसूत्र, पदर, मिठी या तीन गोष्टी तालमीतच तपासा. मिठीत खर्र आवाज आला की विरह संपल्याचा आनंद प्रेक्षकाला होत नाही.

६. आमच्या घरी तेलुगू (किंवा कन्नड) बोलतात. बोलण्यात ते येतं आणि तालमीत हसतात. मराठी नाटक करू नये का?

का नाही? सोलापुरात एका गल्लीत चार भाषा ऐकू येतात, इथल्या रंगमंचावर तुमचा हक्क आहेच. शिवाय ण आणि ळ तेलुगू-कन्नडमध्ये ठणठणीत असल्यामुळे तुमचं ‘पाणी’ शुद्ध मराठी घरातल्या ‘पानी’पेक्षा चांगलं असतं. हसणाऱ्यांना हे सांगा.

अडतं ते दोन ठिकाणी. एक, महाप्राण, म्हणजे ख, घ, ध, भ. आमच्याकडे विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून येणारी, घरी तेलुगू बोलणारी एक गुणी मुलगी होती. विधवेच्या भूमिकेत तिचं वाक्य होतं, ‘मला धीर द्या’. तालमीत ती कळवळून म्हणाली, ‘मला दीर द्या’. आम्ही सगळे लोळलो, ती पण. मग महिनाभर तोंडासमोर तळहात धरून ध-द, भ-ब, ख-क अशा जोड्या म्हणायची. महाप्राणाला तळहातावर वारा लागतो, दुसऱ्याला जवळपास नाही. प्रयोगात ‘धीर’ असा आला की मलाच भरून आलं.

दोन, च आणि ज. ‘या जगात जगायचं कसं’ हे वाक्य म्हणून बघा. पहिला ज टाळूचा, दुसरा दातांजवळचा. लिहिताना फरक दिसत नाही, म्हणून संहितेवर खुणा करून ठेवा.

७. आणि आपली सोलापुरी? ‘काय करायलास बे’ हे स्टेजवर चालतं का?

पात्र सोलापूरचं असेल तर चालतं, नव्हे, पाहिजेच. पण मग पूर्ण नाटकभर. दोन वाक्यं प्रमाण आणि तिसऱ्यात हशासाठी ‘बे’ हे मला आवडत नाही, त्यात आपणच आपल्या बोलीची टिंगल करतो. पात्र पुण्याच्या वाड्यातलं असेल तर मात्र शब्दांसोबत सूरही बदलावा लागतो. आपण वाक्याचं शेपूट उचलतो, ते आपल्याला कळतसुद्धा नाही. रेकॉर्ड करून ऐका.

८. चालू प्रयोगात वाक्यच विसरलं तर?

थांबा. श्वास सोडा. समोरच्याच्या डोळ्यांत बघा आणि पात्राला आत्ता काय हवंय ते आठवा, शब्द नव्हे. बहुतेक वेळा शब्द मागून येतात. नाही आले तर तोच अर्थ आपल्या शब्दांत बोला, पण समोरच्याचा क्यू मात्र द्या. तुम्हाला युगासारखा वाटलेला तो पॉज प्रेक्षकाला अभिनय वाटतो. ओशाळून हसलात, जीभ चावलीत किंवा विंगेकडे बघितलंत तरच चोरी पकडली जाते.

आता त्या लाल खुणेची गोष्ट. माझ्या तिसऱ्याच नाटकात धाकटा भाऊ पहिल्या अंकात विचारतो, ‘बाबा कधी येणार?’ दुसऱ्या अंकात पुन्हा तेच विचारतो. मी पहिल्या अंकात दुसऱ्या अंकातलं उत्तर दिलं, ‘ते आता कधीच येणार नाहीत.’ बाबा तेव्हा मेकअप रूममध्ये कल्ले चिकटवून घेत होते. पाच मिनिटांत ते हातात पिशवी घेऊन धडधाकट प्रवेश करणार होते. आईचं काम करणाऱ्या बाई मुरलेल्या होत्या. भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाल्या, ‘असं निर्वाणीचं बोलू नये गं. रुसलेत नुसते, भूक लागली की येतील.’ टाळी पडली. लेखकाने ते वाक्य नंतर संहितेत घेतलं म्हणतात, मी विचारायला गेले नाही.

९. आणि समोरचा विसरला तर? त्याचं वाक्य मीच बोलू का?

त्या बाईंनी काय केलं ते वरच्या उत्तरात आहेच. प्रश्नात गुंडाळून आठवण द्या. तो ‘पत्र जाळलं’ विसरला असेल तर ‘त्या पत्राचं काय केलंस?’ असं विचारा. दोन पानं गाळली गेली असतील तर त्यात कथेला लागणारी कुठली माहिती होती तेवढी आठवा, ती कुठेतरी पेरा, बाकी जाऊ द्या. मागे जाऊन सगळं म्हणायचा हट्ट नको, लाईट आणि म्युझिकवाल्यांचे हाल होतात. प्रयोगानंतर मेकअप रूममध्ये त्याच्यावर ओरडू नका, पुढच्या वेळी तुमची पाळी असते.

१०. ‘लाईट घे’ म्हणतात म्हणजे नेमकं काय करायचं?

जिथे प्रकाश नीट पडतो तिथे चेहरा न्यायचा, आणि तो शोधत आलो असं दिसू द्यायचं नाही. जुन्या हॅलोजन दिव्यांत कपाळाला ऊब लागायची, त्यावरून कळायचं. एलईडीत ऊब जवळजवळ नसते. डोळ्यांवरची झळाळी आणि जमिनीवरची आपली सावली यांवरून अंदाज घ्या. रंगीत तालमीत जमिनीवर टेपची छोटी खूण करून घ्या. ब्लॅकआऊटमध्ये एक्झिट असेल तर दिवे जायच्या आधीच्या चार-पाच सेकंदांत, प्रवेशात शोभत असेल तर, डोळे मिटून घ्या. अंधारात लवकर दिसतं आणि गुडघा लेव्हलवर, म्हणजे रंगमंचावरच्या उंच चौथऱ्यावर, आपटत नाही.

११. हशा आला तर थांबायचं का?

हो. हशा चढतो, माथ्यावर जातो, उतरायला लागतो. उतरायला लागला की पुढचं वाक्य, पूर्ण विरायच्या आत. तोवर पात्रातच राहा, काही करत राहा, नुसतं वाट बघत उभं राहू नका. तालमीत जिथे सगळे हसायचे तिथे प्रयोगात शांतता झाली तर थांबूच नका, जणू तिथे विनोद नव्हताच. आणि काल हशा आला म्हणून आज तेच वाक्य जोर देऊन मागू नका. मागितला की तो येत नाही.

१२. रडायच्या प्रवेशात डोळ्यांत पाणीच येत नाही. काय करू?

रडू नका. माणूस रडू आवरायचा प्रयत्न करतो, तो प्रयत्न करा. आवाज सरळ ठेवायची धडपड, हातातली वाटी नीट ठेवायची धडपड. पाणी आलं तर आलं. पंधराव्या रांगेला ते दिसत नाही, पाठीचा कणा दिसतो. आपल्या घरातल्या मृत्यूची आठवण काढून रडणारे नट मी पाहिलेत, दहाव्या प्रयोगाला ती आठवणही पाणी देत नाही आणि मग अपराधी वाटतं ते वेगळंच.

१३. प्रयोगाआधी काय खावं?

दोन-अडीच तास आधी हलकं जेवण. शेंगाचटणी आणि कडक भाकरी प्रयोगानंतर. चटणीचे कण घशात बसतात आणि भाकरीचा चुरा दातांत, ऐन स्वगतात जीभ तो शोधायला निघते. पाणी दिवसभर घोट घोट. विंगेत गटागटा प्यायलेलं पाणी स्वरतंतूंना लागत नाही, ते अन्ननलिकेत जातं आणि दुसऱ्या अंकात आठवण करून देतं.

१४. घसा बसलाय आणि परवा प्रयोग आहे.

बोलणं बंद. कुजबुजणंही बंद, त्याने घशावर ताण पडतो. साध्या पाण्याची वाफ, भरपूर पाणी, झोप. खाकरणं टाळा, त्याऐवजी घोटभर पाणी गिळा. घसा बधिर करणाऱ्या गोळ्या चघळून प्रयोग करू नका, दुखणं कळेनासं होतं आणि तुम्ही आणखी ओढता. बोलता बोलता अचानक आवाज गेला, किंवा बसलेला आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. काढे पुरेत.

१५. भीती घालवायची एक गोळी मिळते म्हणे. घेऊ का?

धडधड कमी करणारी औषधं आहेत, प्रोप्रॅनोलॉल हे त्यातलं नेहमी ऐकू येणारं नाव. दमा असणाऱ्याला ते घातक ठरू शकतं, रक्तदाब कमी असणाऱ्यालाही त्रास होतो. मित्राच्या पाकिटातली गोळी तर कधीच नको. भीतीमुळे खरंच उलट्या होत असतील, झोप उडाली असेल, तर डॉक्टरांकडे जा, त्यात लाज नाही. दारूचा घोट घेऊन ‘मोकळं’ होणाऱ्यांबद्दल एवढंच सांगते की मोकळं फक्त त्यांनाच वाटतं.

१६. नाटकात मला थप्पड मारायची आहे. दिग्दर्शक म्हणतात, खरी मार.

खरी मारायची नाही. अंतर ठेवून हात फिरवायचा आणि टाळीचा आवाज थप्पड खाणाऱ्याने आपल्याच हातांनी, प्रेक्षकांना दिसणार नाही अशा बाजूने काढायचा. आधी नजरेला नजर, त्याची तयारी दिसल्याशिवाय हात उचलायचा नाही. रोज तालमीआधी तो तुकडा सावकाश दोनदा. मिठी, हात धरणं, केस ओढणं यांनाही हेच लागू. काय, कुठे, किती वेळ हे सगळ्यांसमोर ठरवा आणि प्रयोगात त्यात ‘उत्स्फूर्त’ भर घालणाऱ्याला दिग्दर्शकाने झापलंच पाहिजे. मुलींनो, तुम्हाला नको वाटलं तर नाही म्हणा, तेवढ्याने कुणी वाईट नटी होत नाही.

१७. परीक्षकांना आवडेल असं काम कसं करू?

करू नका. त्यांच्या टेबलाकडे बघून केलेलं स्वगत त्यांनाही कळतं.

१८. नाटक शिकायला पुण्या-मुंबईलाच जावं लागतं का?

शिकायला जा, जमलं तर जरूर. पण सुरुवातीसाठी थांबू नका. अभिनेते अतुल कुलकर्णी इथल्या ‘नाट्य आराधना’ या हौशी संस्थेत काम करत होते, राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून १९९५ मध्ये बाहेर पडले ते त्यानंतर. हौशी नाटकात झाडू मारण्यापासून लाईट टांगण्यापर्यंत सगळं करावं लागतं. मी पहिलं वर्ष फक्त इस्त्री केली. कुठल्या नटीचा पदर कुठे अडकतो आणि ती तो कसा सोडवते हे विंगेतून जेवढं दिसतं, तेवढं वर्गात दिसत नाही.

१९. सभागृहात वीसच माणसं आहेत. उत्साह कुठून आणायचा?

गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत प्रयोग लावण्याची चूक आम्ही केलेली आहे. सगळं गाव होम मैदानावर आणि आम्ही रिकाम्या खुर्च्यांसमोर! तेव्हा आमचा एक ज्येष्ठ नट म्हणाला होता, जे आले नाहीत त्यांचा राग आलेल्यांवर काढू नका. त्या वीसजणांना पुढच्या रांगांत बोलावून बसवा. आवाज किंचित कमी, काम तेवढंच. कमी माणसं उघडपणे हसत नाहीत, तेव्हा हशावर बेतलेले पॉज (प्रश्न ११) छोटे करा.

२०. मोबाईल वाजला, वीज गेली, तर?

मोबाईलला दुर्लक्ष, फक्त महत्त्वाचं वाक्य त्यावर वाया घालवू नका, रिंग थांबेपर्यंत एखादी हालचाल वाढवा. वीज गेली तर आहात तिथेच थांबा, अंधारात चालू नका. जनरेटर लागला की आधीच्या दोन वाक्यांपासून सुरुवात. ऐतिहासिक नाटकात असाल तर मोबाईलवर विनोद करायचा मोह आवरा. महाराज रिंगटोन ऐकतात तेव्हा हशा मिळतो, पण पुढचा अर्धा तास कुणी त्यांना महाराज मानत नाही.

२१. प्रयोगाच्या दिवशी घरात दुःखद घटना घडली तर? ‘प्रयोग थांबता कामा नये’ म्हणतात.

म्हणणारे म्हणोत. मरण सोसून त्याच रात्री उभ्या राहिलेल्या नटांच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. व्यावसायिक प्रयोगावर दहा-पंधरा घरांची चूल असते, तिथला निर्णय वेगळा. हौशी नाटकात ज्याचं दुःख त्याने ठरवावं आणि इतरांनी त्याला फोन करून गळ घालू नये. काहींना घरी बसणंच असह्य होतं, ते येतात, त्यांनाही अडवू नये. एकशे दोन तापात उभं राहण्याला मात्र माझा साफ विरोध आहे, चक्कर येऊन लेव्हलवरून पडलेला माणूस मी उचललाय.

यावर उपाय तालमीच्या पहिल्या आठवड्यातच करायचा असतो. सगळं नाटक पाठ असणारा एक माणूस ग्रुपमध्ये असतोच, तो म्हणजे विंगेतून विसरलेली वाक्यं हळूच सांगणारा प्रॉम्प्टर. त्याला आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी जागी उभा करा. प्रॉम्प्टर निवडताना मी हल्ली वाचन तर ऐकतेच, पण सदऱ्याचं मापही विचारते.